बैठं घर की माडी? सांगलीत घर ठरवताना

सांगलीत जागा बघायला गेलं की दराच्या आधी एक प्रश्न विचारला जातो, "एकोणीसला इथं पाणी कुठपर्यंत होतं?" समोरचा माणूस गुडघा दाखवतो, कंबर दाखवतो, नाहीतर भिंतीवरच्या डागाकडे बोट करतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ साली नदी ५३ फुटांच्या वर गेली, २०१९च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर आणि २०२१च्या जुलैत पुन्हा ५४ फुटांच्या आसपास. नदीजवळच्या गावभागातल्या, खणभागातल्या माणसांना हे आकडे घरातल्यांच्या वाढदिवसांसारखे पाठ आहेत. त्यामुळे एक मजला हवा की दोन, हा प्रश्न आमच्या गावात नुसत्या आवडीनिवडीचा राहत नाही.

आमचं जुनं घर गावभागात होतं. खाली तीन खोल्या, परसात संडास-न्हाणी, आणि वर लाकडी जिन्याची माडी. लग्न झाल्यापासून माडी आमच्या दोघांची, खालचं घर आई-अण्णांचं म्हणजे सासू-सासऱ्यांचं. दर पावसाळ्यात पुलाची पातळी ४० फुटांवर गेल्याची बातमी आली की अण्णा पायरीवर उभे राहून सांगायला लागायचे, "आधी धान्य वर न्या. मग गाद्या. मग फ्रीज." माडी हा आमच्या घराचा विमाच होता. त्या माडीमुळे आमचं सामान बऱ्यापैकी वाचत आलं, हे मी कधीच नाकारणार नाही.

पण २०१९ला मला माडीची दुसरी बाजू दिसली. आमच्या मागच्या गल्लीत सगळी बैठी घरं. तिथली माणसं पाणी चौकात दिसल्याबरोबर पोरंबाळं घेऊन नातेवाईकांकडे, शाळांमध्ये निघून गेली. आम्ही थांबलो, कारण वर माडी होती. पाणी वाढत गेलं, खालच्या खोल्या छातीपर्यंत भरल्या, वीज गेली, आणि आम्ही पाच जण एका मोठ्या खोलीत अडकलो. प्यायचं पाणी पुरवून पुरवून वापरायचं, दूध नाही, आणि संडास खाली पाण्यात. ज्या घरात वर संडास नाही त्या घरातल्या बायकांनी ते दिवस कसे काढले असतील, हे ज्यांनी काढले त्यांनाच ठाऊक. बचावाच्या बोटी गल्लीत यायला लागल्या, तेवढ्यात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. ती बातमी आम्हाला मोबाइलवर कळली आणि आईंनी बोटीत बसायला साफ नकार दिला. पाणी उतरेपर्यंत त्या माडीच्या खिडकीपासून हलल्या नाहीत.

२०२१ला पुन्हा तेच सामान वर गेलं. पुढच्या वर्षी अण्णा परसातल्या ओल्या फरशीवर पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मिरजेत ऑपरेशन झालं, उत्तम झालं, पण घरी आले ते वॉकर घेऊन. आईंचे गुडघे त्याच्या कितीतरी आधीपासून दुखत होते. वर माडीत काय चाललंय हे त्या खालूनच ओरडून विचारायच्या. मग घरात बोलणं सुरू झालं: आता गावभाग सोडायचा.

गाव सोडायचं नव्हतं, फक्त नदीपासून वर सरकायचं होतं. विश्रामबागच्या पुढे मिरजेकडे जाताना आम्ही बघायला सुरुवात केली. पहिल्यांदा रो हाऊस पाहिली, कारण जाहिराती त्यांच्याच जास्त. खाली हॉल-किचन, वर दोन बेडरूम, त्याच्यावर गच्चीलगत एक खोली. दिसायला फार छान. मी पर्समध्ये टेप ठेवायला लागले होते. एका ठिकाणी जिन्याची पायरी साडेआठ इंच उंच आणि पाऊल ठेवायला जेमतेम नऊ इंच जागा. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या जिन्यासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर म्हणजे साडेसात इंच, आणि पावलाची रुंदी किमान २५० मिलिमीटर म्हणजे दहा इंच सांगितली आहे. इंचभराचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. आईंना मी त्या जिन्यावर तीन पायऱ्या चढायला सांगितल्या. तिसऱ्या पायरीवर त्या कठडा धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "उतरताना आडवं उतरावं लागेल गं."

त्याहून मोठी अडचण होती खालच्या मजल्याची. बऱ्याच रो हाऊसमध्ये खाली झोपायला खोलीच नसते. जिन्याखाली चेपून बसवलेला संडास, त्याचं दार दोन फूट. अण्णांचा वॉकर जवळजवळ तेवढाच रुंद. पुण्यात माझ्या मावशीकडे असंच दुमजली घर आहे. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा ती हॉलमधल्या दिवाणावर झोपायची आणि अंघोळीला जागाच नव्हती, म्हणून मावसभावाने अंगणात पत्र्याचा आडोसा केला. तेव्हापासून कुठलंही दुमजली घर बघताना मी आधी एवढंच बघते, की वर पाऊल न ठेवता या घरात एक माणूस अख्खा दिवस-रात्र नीट राहू शकतो का? झोप, अंघोळ, संडास, जेवण, देव, दार. यातलं एक जरी वर असलं तर म्हाताऱ्या माणसासाठी ते घर अर्धंच.

फ्लॅटचाही विचार केला. फ्लॅट म्हणजे एका पातळीवरचं घर, बहुतेक ठिकाणी लिफ्टही असते. नवऱ्याचा कल तिकडे होता आणि त्यात तथ्य होतं. पण पुराच्या वेळी वीज गेल्यावर लिफ्ट बंद पडून वरच्या मजल्यांवरची म्हातारी माणसं कशी अडकली, हे आम्ही आमच्याच नात्यात पाहिलं होतं. शिवाय आईंना माती हवी होती. तुळस, कढीपत्ता, आणि चैत्रात कुरडया-सांडगे घालायला आपलं अंगण. हे मी हट्ट म्हणून बाजूला सारलं नाही. जी बाई उरलेला सगळा वेळ घरात काढणार, तिचं म्हणणं घराच्या बाबतीत सगळ्यांत जड धरलं पाहिजे.

शेवटी वानलेसवाडीच्या बाजूला दोन गुंठ्यांचा एन.ए. म्हणजे बिगरशेती प्लॉट मिळाला. घेण्याआधी पूररेषेचा नकाशा पाहिला. निळ्या रेषेच्या आत म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराचं क्षेत्र, तिथं बांधकामाला मनाई. निळ्या आणि लाल रेषेच्या मधलं म्हणजे शंभर वर्षांच्या पुरापर्यंतचं, तिथं अटी. आमचा प्लॉट दोन्हींच्या बाहेर. शेजारच्या दुकानदाराला, दूधवाल्याला, समोरच्या आजींना वेगवेगळं विचारलं, एकोणीसला पाणी कुठपर्यंत? सगळ्यांनी मान हलवून सांगितलं, इकडं आलंच नाही.

आणि इथं खरा वाद सुरू झाला, कारण अण्णांना माडी हवी होती. जो माणूस वॉकरशिवाय अंगणात जाऊ शकत नव्हता, तोच माडीसाठी अडून बसला होता. "पाणी काय सांगून येतंय? आज नाही आलं, उद्या येईल. सामान कुठं नेणार?" जन्मभर ज्यांनी पुराच्या पाण्यावर नजर ठेवून घर चालवलं, त्यांच्या दृष्टीने माडी नसलेलं घर म्हणजे उघड्यावर राहणं. मला त्यांचं म्हणणं मनापासून पटत होतं आणि तरीही ते या जागेला लागू नव्हतं. गावभागातली माडी कृष्णेसाठी होती. कृष्णा जिथं येत नाही तिथं माडी कशासाठी, हे नव्याने विचारायला हवं होतं.

आर्किटेक्ट मॅडमनी कागदावर गणित मांडलं. दोन गुंठे म्हणजे २१७८ चौरस फूट, आमचा प्लॉट ३३ बाय ६६. समोर दहा फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना पाच-पाच फूट सोडायचे. राहिलं २३ बाय ५१, म्हणजे ११७३ चौरस फूट, तेही भिंती धरून. बैठं घर म्हटलं की एवढ्यातच सगळं बसवायचं. दुमजली केलं तर खाली साडेसातशे, वर सहाशे, मोकळी बाग, गाडीला जागा. आणि खर्चही दुमजलीचाच कमी. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. पण सारखंच क्षेत्रफळ दोन मजल्यांत विभागलं तर पाया निम्म्या जागेवर आणि वरचा शेवटचा स्लॅबही निम्म्या जागेवर लागतो. आमच्याकडे खड्डा घेतला तेव्हा चार फुटांच्या पुढेपर्यंत काळी माती निघाली आणि मग मुरूम लागला. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे फुटिंग म्हणजे कॉलमखालचा पाया मुरमापर्यंत न्यावाच लागतो, वर एक मजला असो की दोन. बैठ्या घराला असे खड्डे जास्त घ्यावे लागतात. कॉन्ट्रॅक्टरचा स्पष्ट सल्ला दुमजलीचाच होता.

मग मी जिन्याचं गणित मांडायला सांगितलं. मजल्याची उंची साडेदहा फूट म्हणजे १२६ इंच. सात इंची पायरी धरली तर अठरा पायऱ्या. नऊ-नऊचे दोन टप्पे, मध्ये वळणाचा चौक, तीन फूट रुंदी. सगळं मिळून साधारण ८० चौरस फूट खाली जातात आणि तेवढेच वर. म्हणजे मुलासाठी जी नऊ बाय दहाची खोली आम्ही कशीबशी काढत होतो, जवळजवळ तेवढी जागा प्रत्येक मजल्यावर जिनाच घेणार. हा हिशेब कागदावर आल्यावर नवऱ्याचं मत फिरलं. वर संडास-बाथरूम वेगळं, पाण्याच्या पाइपा वेगळ्या, रोजचा झाडू-पोछा दोन मजल्यांचा, हे तर नकाशात कुणी दाखवतच नाही.

एक गोष्ट मात्र मला स्वतःला सोडावी लागली, ती इथं लिहिलीच पाहिजे. माडी माझी होती. एकत्र कुटुंबातल्या सुनेला दार लावून घ्यायची, मोठ्यानं हसायची, रुसून बसायची जागा म्हणजे माडी. नवीन जोडप्याला वरची खोली देण्याची आपल्याकडची पद्धत काही उगाच पडलेली नाही. एकाच मजल्यावर सगळे आले की प्रत्येक फोन सगळ्यांना ऐकू येतो, आणि दहावीतल्या मुलाचा अभ्यास आणि अण्णांची सातची बातमी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना येतात. म्हणून मी मॅडमना एकच अट घातली: आई-अण्णांची खोली पुढे, आमची अगदी मागे, आणि मध्ये हॉल, देवघर आणि स्वयंपाकघर. लांबट प्लॉटचा असा उपयोग झाला. दोन्ही खोल्यांची एकही भिंत सामाईक नाही. मुलाची खोली आमच्याकडे.

बैठं घर ठरलं तरी अण्णांची भीती गेली नव्हती. ती त्यांनी जोत्यात उतरवली. "मग जोतं तीन फूट घ्या. रस्ता दर वेळी वर येतो, दहा वर्षांनी घर खड्ड्यात जाईल." रस्त्याचं त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पण तीन फूट जोतं म्हणजे दारात सहा पायऱ्या. जिना नको म्हणून बैठं घर बांधायचं आणि दाराशीच सहा पायऱ्या ठेवायच्या, याला काय अर्थ? चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण एकास बारा लागतं. उंची जितके फूट, त्याच्या बारापट लांबी. तीन फुटांना छत्तीस फूट उतार. आम्ही जमिनीवर फक्कीने रेघ मारून बघितली, तर ती फाटकापासून पार आमच्या मागच्या खोलीच्या अलीकडेपर्यंत गेली. अण्णा वॉकर घेऊन त्या रेघेवरून चालले. चालून झाल्यावर खुर्चीत बसले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "दोन फूट करा."

दोन फूट जोतं, चोवीस फूट उतार. बाजूच्या पाच फुटांच्या पट्टीत तो बरोबर बसला. रुंदी चार फूट, दोन्हीकडे पाइपचा कठडा, आणि वर टाइल न लावता सिमेंट ओलं असतानाच झाडूने आडवे चरे ओढले, म्हणजे पावसात पाय घसरत नाही. समोर चार पायऱ्या आहेतच, सहा-सहा इंचांच्या. पण घरात येणारं जवळजवळ सगळं आज उतारावरूनच येतं: गॅसची टाकी, तांदळाची पोती, मुलाची सायकल, अण्णा. हा उतार आमच्या घरातली सगळ्यांत उपयोगी गोष्ट आहे, आणि पहिल्या नकाशात तो नव्हता.

उंबऱ्यावरून आईंशी दोन-तीन संध्याकाळ बोलणं झालं. मॅडमचं म्हणणं, आत कुठेही उंबरा नको. आईंचं म्हणणं, मुख्य दाराला उंबरा नसेल तर हळदकुंकू कुठं वाहायचं, आणि नातसून माप कशावर ओलांडणार? बाथरूमच्या, खोल्यांच्या दारांचे उंबरे काढले. बाथरूमचा तळ आधीच खाली घेतला होता, त्यामुळे पाणी आतच राहतं. दार तीन फुटांचं केलं आणि बाहेर उघडणारं, म्हणजे आत कुणी पडलं तर दार अडत नाही. मुख्य दाराला मात्र सागवानी उंबरा बसवला, अर्धा इंच उंच, दोन्ही कडा उतरत्या तासलेल्या. सुताराने तो दोनदा रंधून दिला. वॉकर अडत नाही आणि आई रोज सकाळी त्यावर रांगोळीची दोन बोटं ओढतात.

बैठ्या घराची एक किंमत एप्रिल-मेमध्ये मोजावी लागते. दुमजली घरात खालच्या खोल्यांवर वरच्या मजल्याची सावली असते. बैठ्या घरात प्रत्येक खोली तापलेल्या स्लॅबखाली. सांगलीचा उन्हाळा चाळिशीला टेकतो. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा केला, वर पांढरा चायना मोझॅक. २०२४मध्ये सूर्यघर योजनेतून तीन किलोवॉटचं सोलर घेतलं, ७८ हजारांचं अनुदान मिळालं. पॅनेल बसवणाऱ्याला आम्ही ती आई-अण्णांच्या खोलीच्या बरोबर वर लावायला सांगितली, म्हणजे विजेबरोबर सावलीही मिळावी. त्या खोलीत आणि आमच्या खोलीत दुपारी हात लावून कळेल इतका फरक पडतो. आमची खोली तापतेच.

गच्चीवर जायला जिना आहे, पण घराबाहेरून, पोर्चच्या बाजूने. टाकी आणि सोलरसाठी तो लागतोच. पाया मात्र पुढे एक मजला चढेल असा घेतला. त्यासाठी थोडं लोखंड आणि काँक्रीट जास्त गेलं. कॉलमच्या सळ्या बाहेर उघड्या ठेवल्या तर गंजतात, म्हणून त्या कमी सिमेंटच्या काँक्रीटमध्ये झाकून घेतल्या. उद्या मुलाला वर बांधायचं असेल तर फोडून जोडता येतील. तो जिना बाहेर असल्यामुळे वरचं घर वेगळंही राहू शकतं. अण्णांना हे समजावून सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. त्यांच्या मते आमचं घर अजून अर्धंच झालंय.

राहून बघितल्यावर सगळ्यांत आधी लक्षात आलं ते आईंचं फिरणं. जुन्या घरात त्या एका खोलीत बसून आवाज द्यायच्या. इथं त्या नातवाच्या खोलीत जातात, माझ्या कपाटातल्या साड्या बघतात, मागच्या दारात बसून शेंगा निवडतात. अख्खं घर त्यांच्या पायाखाली आलं. माझा एकांत कमी झाला, हेही तितकंच खरं. रात्री जेवणं झाल्यावर मी गच्चीवर जाऊन बसते.

आता माझी नणंद घर बांधते आहे. तिचा प्लॉट शामरावनगरकडे, जिथं साध्या पावसातही पाणी साचतं आणि पुरात तर शिरलंच होतं. ती म्हणाली, "वहिनी, तुमचाच नकाशा द्या." मी दिला नाही. तिच्या जागेला दुमजलीच हवं आणि तेही नीट: वर एक खोली, तिच्याजवळच संडास आणि एक छोटा ओटा, पाण्याची टाकी हाताशी, विजेचा बोर्ड आणि इन्व्हर्टर वरच. खाली झोपायची खोली आणि बाथरूम असलंच पाहिजे, तिच्याही सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत. जिना साडेसहा इंची पायऱ्यांचा, दोन्ही बाजूंना कठडा, मधल्या चौकात टेकायला जागा. आणि पुलाची पातळी ४० फुटांवर गेली की माडीच्या भरवशावर न बसता म्हाताऱ्या माणसांना आमच्याकडे पाठवायचं, हे मी तिच्याकडून आत्ताच कबूल करून घेतलं आहे. साडेसहा इंची पायरी घेतली तर जिन्याची लांबी वाढते आणि हॉल लहान होतो, यावर सध्या तिचं आणि तिच्या आर्किटेक्टचं चाललंय. हॉल लहान झाला तरी चालेल, असं मी तिला सांगितलंय.